अळणी घरातला सेनापती

अधांतरगडाचा नवा राजा ठरेपर्यंत सेनापती रुद्रकेतु साताऱ्यात देवस्थळी सरांकडे राहायला आले, कारण त्या घरात मीठ नव्हतं.

अधांतरगड म्हणजे डोंगरावाचून नुसत्या हवेत उभा असलेला गड. दर बुधवारी सकाळी मोबाइलवर येणाऱ्या त्याच नावाच्या चित्रकथेत तो आहे. प्रभाकर देवस्थळी हे तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. तरुणपणी एक प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. पुढे तो प्रबंध चुकीचा असल्याचं सिद्ध करणारं पुस्तकही त्यांनीच लिहिलं, आणि हल्ली त्या पुस्तकाबद्दल त्यांना शंका येऊ लागली होती. चित्रकथेचा नाद त्यांना पुण्याच्या नातीने लावला. नात पुढे कंटाळली. सर मात्र अडकले ते अडकलेच.

गडाचे म्हातारे महाराज तमोजित वारस न नेमता वारले, आणि वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये रणकंदन सुरू झालं. 'अधांतरकर मंडळी' असं ग्रुपचं नाव. थोरली राजकन्या ईरावती गादीवर यावी म्हणणाऱ्यांची पुढारी प्राजक्ता ढवळीकर. ती पोवई नाक्याजवळच्या आपल्या दवाखान्यात लोकांचे दात काढायची, आणि दोन दातांच्या मध्ये ग्रुपवर लिहायची. महाराजांचा पुतण्या कुंजर याच्या बाजूला मोमीन मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, पण छडी अजून हातात असल्यासारखं बोलणारे. देवस्थळी सर सगळ्यांचं सगळं वाचत आणि शेवटी लिहीत, "दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे." त्यामुळे दोन्ही बाजू त्यांना मान देत आणि कोणीच त्यांना मोजत नसे.

गडाच्या घटनेप्रमाणे सेनापती ज्याच्या घरचं मीठ खाईल त्याच्याशी त्याची निष्ठा, आणि सेनापतीची निष्ठा ज्याच्याशी त्याची गादी. महाराज गेल्यापासून ईरावती आणि कुंजर दोघांच्याही मुदपाकखान्यातून रुद्रकेतूंकडे ताटं येत होती आणि ते ती परत पाठवत होते. माणूस किती दिवस उपाशी राहणार, यावर ग्रुपमध्ये चर्चा चालली असताना सरांनी सहज लिहिलं, "माझ्या रक्तदाबामुळे आमच्याकडे सगळं अळणी असतं. मिठाच्या बाबतीत तरी आमचं घर तटस्थ आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. सरांना वाटलं, दूधवाला असेल.

दारात चिलखत घातलेला एक उंच, ओढलेल्या चेहऱ्याचा माणूस उभा होता. खांद्यावर लालभडक शेला, बुटांना ढगांचा ओलावा.

"हे घर अळणी आहे?" त्याने विचारलं.

"हो," सर म्हणाले, आणि लगेच त्यांना धाकधूक वाटली. "म्हणजे पूर्णपणे अळणी असं म्हणता येणार नाही. पालकात मुळातच थोडा क्षार असतो. दुधातही असतो. शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर—"

"वरून घातलेलं मीठच धरतात," सेनापती म्हणाले आणि बूट काढू लागले.

आतून शरयूबाई आल्या. सरांच्या पत्नी. त्यांनी पाहुण्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तलवार छत्र्यांच्या स्टँडमध्ये ठेवा. आणि आधी बसा, चक्कर येईलसं दिसतंय तुम्हाला."

संध्याकाळी सोसायटीचे सचिव घोरपडे येऊन गेले. पाहुणे चित्रकथेतले आहेत याला त्यांची हरकत नव्हती. नियमावलीत तसा मज्जाव नव्हता. लिफ्टमध्ये लहान मुलं असली तर तलवार जिन्याने न्यावी, एवढं त्यांनी बजावलं.

"आणि घोडा?"

"गडावरच आहे," सेनापती म्हणाले.

"मग पार्किंगचा प्रश्न मिटला," घोरपडे म्हणाले आणि चहा न घेता गेले.

रविवारी सकाळी ग्रुपची मंडळी भेटायला आली. पलंगावर, खुर्च्यांवर, खिडकीच्या कट्ट्यावर माणसं दाटीवाटीने बसली. प्राजक्ताने थेट विषयाला हात घातला.

"सेनापतीसाहेब, खरं सांगा. तुम्ही मनातून ईरावतीच्याच बाजूचे ना? लढाईत तिने तुम्हाला पाणी पाजलं होतं."

"पाणी पाजलं होतं," रुद्रकेतु म्हणाले. "ते आठवतं."

"आणि कुंजराने तुमच्या पाठीवर आलेला बाण स्वतःच्या दंडावर घेतला होता," मोमीन मास्तर म्हणाले. "ते आठवत नाही वाटतं?"

"तेही आठवतं."

"मग तुम्हाला काय वाटतं?"

रुद्रकेतूंनी मान खाली घातली. "मला काय वाटतं ते मला कळवलेलं नाही. माझ्या डोक्यावर विचाराचा फुगा आजवर एकदाही काढलेला नाही. फार तर एकदा घोड्याच्या डोक्यावर काढला होता."

मग फुगा नसणं ही निष्ठावान माणसाची खूण की कारस्थानी माणसाची, यावर दोन्ही पक्ष पुन्हा तुटून पडले. ज्याला दडवायचं असतं त्याचाच फुगा काढत नाहीत, असं मास्तर म्हणाले. प्राजक्ता म्हणाली, ज्याच्या मनात काही नाही त्याचा काढणार कसा. सेनापती दोघांकडे आळीपाळीने बघत होते. स्वतःच्या दुखण्याबद्दल दोन डॉक्टर बोलत असले की रोगी बघतो, तसे.

"सर, तुमचं मत?" कोणीतरी विचारलं.

"दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे," सर म्हणाले.

"यांना भाजी कुठली करू विचारलं तरी हेच," शरयूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "म्हणून मीच मंडईत जाते, आणि मग दुधी का आणला म्हणून विचार करत बसतात."

सगळे हसले. सरही हसले, पण त्यांना वाटलं की हसण्याजोगं नसावं.

दिवस जाऊ लागले तसा सेनापतींचा रंग उतरू लागला. अक्षरशः. लालभडक शेला आधी गुलाबी झाला, मग धुतलेल्या खडूसारखा. चिलखताच्या काळ्या रेषा पुसट झाल्या. अळणी मुगाची आमटी आणि अळणी दुधीची भाजी ते मुकाट्याने खात. एकदा उन्हात गॅलरीत उभे होते, तर त्यांच्या आरपार समोरच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे दिसले.

"अहो, हा माणूस पुसला जाईल," शरयूबाई म्हणाल्या.

"पण मीठ देता येत नाही," सर म्हणाले. "दिलं तर आपण गादीच्या वादात पक्षकार ठरतो. न दिलं तर... हा प्रश्न खरंच अवघड आहे, शरयू."

"प्रश्न अवघड नाही. माणूस उपाशी आहे."

मंगळवारी दुपारी सर झोपेतून उठून स्वयंपाकघरात गेले, तर सेनापती फरशीवर एका गुडघ्यावर बसले होते. शेला पुन्हा कुंकवासारखा लाल झाला होता. समोर शरयूबाई हातात चमचा घेऊन उभ्या होत्या.

"बघा ना यांना काय झालं," त्या म्हणाल्या. "लोणच्याची एवढीशी फोड दिली, तर खालीच बसले."

"लोणचं?" सरांनी विचारलं. "आपल्या घरात लोणचं आहे?"

"लिंबाचं. माझ्यापुरतं. पिठाच्या डब्यामागे असतं."

"केव्हापासून?"

"तुम्हाला रक्तदाब निघाला तेव्हापासून. तुमच्यासमोर कशाला खायचं म्हणून तुम्ही झोपलात की खाते."

"बाईसाहेब," सेनापती म्हणाले, "आजपासून हे मस्तक आपलं."

"मस्तक राहू द्या. आधी हात धुवा, तेल लागलंय."

सरांनी खुर्ची ओढली, बसले, पुन्हा उठले. "एक मिनिट. लोणच्यातलं मीठ हे मीठ धरायचं, की ते मुरल्यावर लोणच्याचा एक घटक होतं आणि त्याचं मीठपण संपतं? हा मुद्दा विचारात घेतला पाहिजे."

"घटनेत लोणच्याचं स्वतंत्र कलम आहे," सेनापती म्हणाले. "मीठच धरतात."

"आणि वाढणारी धनीण असते, की घर?"

"ज्या हाताने ताटात पडलं तो हात धनी. मात्र ते मीठ ज्याने विकत आणून घरात ठेवलं, त्याने पुढे येऊन दावा केला, तर वाढणाऱ्याचा हक्क जातो. दावा झाला नाही तर वाढणाराच धनी. राणीसाहेबांना उद्या पहाटे निघावं लागेल."

"कुठे?" शरयूबाईंनी विचारलं.

"गडावर. गादीवर बसायला."

शरयूबाई थोडा वेळ बरणीचं झाकण लावत राहिल्या. ते नीट लागलं होतं, तरी लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिथे पाण्याचं टाकं फुटलंय ना? मागच्या बुधवारी तुम्ही मला दाखवलं होतंत. दोन पोरं गादीसाठी भांडताहेत, आणि बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या."

"हो," सर म्हणाले. "पण ते पार्श्वभूमीला होतं. मुख्य कथानक वारसाचं आहे."

"असेल," शरयूबाई म्हणाल्या.

ग्रुपमध्ये बातमी फुटली. मोमीन मास्तरांनी लिहिलं, "हा कट आहे." प्राजक्ताने लिहिलं, "लोणचं कशाचं होतं?" आणि त्यानंतर फोन गरम होईपर्यंत चर्चा चालली. सरांनी ती वाचली. प्रत्येकाचं पटलं.

पहाटे गच्चीवर आकाशातून दोरीची शिडी सोडलेली होती. घोरपडे स्वेटर घालून उभे होते, कारण गच्चीची किल्ली त्यांच्या ताब्यातली. शरयूबाईंनी नेहमीचीच निळी सुती साडी नेसली होती. चष्मा, पर्स आणि गुडघ्याला लावायचं तेल एवढंच बरोबर घेतलं. सेनापती आधी वर गेले आणि शिडी धरून थांबले.

शरयूबाईंनी एक हात शिडीला लावला आणि मागे वळल्या.

"अहो, जाऊ का?"

सरांनी घसा साफ केला. "जाण्याच्या बाजूने बरंच म्हणता येईल. टाक्याचा प्रश्न आहे, घटनात्मक पेच आहे. न जाण्याच्या बाजूनेही—"

"मी मत विचारलं. व्याख्यान नाही."

सरांनी तोंड उघडलं. 'जा' आणि 'जाऊ नको' दोन्ही एकदमच वर आले आणि घशाशी एकमेकांना अडून बसले. शरयूबाई थांबल्या. घोरपड्यांनी शेजारच्या इमारतीकडे तोंड केलं. शिडी वाऱ्याने हलत होती.

"डाळ शिजवून ठेवलीय," शेवटी त्या म्हणाल्या. "फोडणी तेवढी द्या. आणि लोणच्याला हात लावू नका, तुम्हाला चालत नाही."

त्या वर चढू लागल्या. गुडघ्यामुळे प्रत्येक पायरीवर थोडं थांबत होत्या. दिसेनाशा झाल्यावर घोरपडे म्हणाले, "सर, किल्ली मीच लावतो. तुम्ही या खाली सावकाश."

त्याच सकाळचा भाग प्रसिद्ध झाला तेव्हा पहिल्याच चित्रात शरयूबाई होत्या. चित्र काढणाऱ्याने निळी साडी बरोबर काढली होती. चष्म्याची डावी काडी किंचित वाकडी होती, तीही. दरबार भरला होता आणि त्या सिंहासनावर न बसता टाक्याजवळ उभ्या होत्या. ईरावतीला त्यांनी चुन्याच्या कामावर नेमलं होतं आणि कुंजराला दगडांच्या. कुंजर म्हणत होता, "मी राजपुत्र आहे." त्यावर त्यांच्या तोंडी फुगा होता, "मग जरा मोठा दगड उचल."

सरांनी ते चित्र बोटांनी मोठं करून पाहिलं. शरयूच्या चेहऱ्यावर एक गोष्ट होती जी घरात त्यांनी पाहिली नव्हती, किंवा पाहिली असेल आणि लक्षात आली नसेल. ती उत्तराची वाट पाहत नव्हती.

पुढच्या काही बुधवारांत टाकं बांधून झालं. गडावर रांगा संपल्या. ग्रुपमध्ये मात्र नवाच वाद पेटला होता: राणीची निष्ठा कोणाशी? ती गडाशी एकनिष्ठ राहील की एक दिवस शिडी टाकून खाली उतरेल? प्राजक्ताच्या मते राणी परत जाणार नाही. वर्षानुवर्षं अळणी खाल्लेल्या बाईचं त्या घराशी देणंघेणं उरत नाही. "माफ करा सर, पण घटनेप्रमाणे बोलतेय," असंही तिने लिहिलं. सर कितीतरी वेळ त्या वाक्याकडे बघत राहिले. युक्तिवादात चूक सापडेना.

एका रविवारी मोमीन मास्तर आणि प्राजक्ता दोघंही घरी आले. मास्तर सोफ्याच्या कडेवर बसले. घरात धूळ होती, आणि गॅसवर काहीतरी लागल्याचा वास.

"सर, मुद्द्याचं बोलतो," मास्तर म्हणाले. "लोणच्याला मीठ लागतं. घर अळणी. मग मीठ आलं कुठून? कोणीतरी दुकानातून आणलं. वहिनींनी आणलं असेल तर प्रश्न नाही. पण ते जर तुम्ही आणलं असेल—"

"तर सेनापतींनी तुमचं मीठ खाल्लं," प्राजक्ता म्हणाली. तिला ते म्हणायचं नव्हतं असं दिसत होतं. "आणि काकूंनीही. इतकी वर्षं, तुम्ही झोपल्यावर."

"तुम्ही फक्त दावा करायचा," मास्तर म्हणाले. "वहिनींची गादी त्या क्षणी रद्द. तुम्हाला गादी नकोच आहे, तुम्ही ती लगेच कुंजराला सोडायची. वहिनी संध्याकाळच्या चहाला घरी. माझा स्वार्थ आहे, नाही म्हणत नाही. पण तुमचाही आहे. आरशात बघा जरा, तुमचाही रंग उतरलाय."

सरांनी आपल्या हाताकडे पाहिलं. बोटांच्या कडा पुसट वाटत होत्या, पण चष्मा पुसलेला नव्हता, त्यामुळे निश्चित सांगता येत नव्हतं.

"आठवून बघा सर," मास्तर म्हणाले. "मीठ कोणी आणलं?"

आठवायला कष्ट पडलेच नाहीत. आयुष्यात इतकं स्वच्छ त्यांना क्वचितच काही आठवलं असेल. हिवाळ्यातली सकाळ होती. शरयूने पिशवी हातात देत सांगितलं होतं, "येताना जाडं मीठ आणा." अळणी घराला मीठ कशाला, असं त्यांनी विचारलं नव्हतं, त्या वेळी ते एका तळटिपेच्या विचारात होते. पुडीला भोक होतं. वाण्यापासून घरापर्यंत रस्त्यावर पांढरी रेघ पडली होती, आणि जिन्यात उभं राहून शरयू ती रेघ बघून हसली होती. ती कशाला हसतेय ते त्यांना कळलं नव्हतं, पण तेही हसले होते.

दावा केला तर ती आज संध्याकाळी इथे असेल. या खुर्चीत. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला ती असेल, पण पुडीभर मिठाच्या जोरावर आणलेली, शिडीच्या पायथ्याशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न मिळता. सरांनी सवयीने दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. तराजू एकीकडे झुकला. त्यांना वाटलं, आपली काही चूक होतेय. पुन्हा तोललं. पुन्हा तिकडेच झुकला.

"मला नक्की आठवत नाही," ते म्हणाले.

मोमीन मास्तरांनी सुस्कारा सोडला. त्यांनी उलटतपासणी घेतली नाही. देवस्थळी सरांना एखादी गोष्ट नक्की आठवत नाही, यात शंका घेण्यासारखं कोणालाच काही वाटलं नसतं.

"मला वाटलंच होतं," मास्तर म्हणाले. "चला ढवळीकरबाई."

दाराशी प्राजक्ता मागे राहिली. "सर, गॅस बंद करा. काहीतरी करपतंय."

"आमटी आहे," सर म्हणाले. "फोडणीचा अंदाज येत नाही."

"आधी मोहरी तडतडू द्या. मग बाकीचं."

त्यानंतरच्या बुधवारी गडावर राज्याभिषेकाची पंगत होती. पानं मांडली होती, ढगांवर दिवे तरंगत होते. राणी मधोमध बसली होती, एका बाजूला ईरावती, दुसऱ्या बाजूला कुंजर. दोघांच्या हातांना चुना. सेनापती रुद्रकेतु स्वतः वाढायला उभे होते. शेला लाल होता. पुढच्या चित्रात त्यांनी मिठाची वाटी पुढे केली. त्याच्या पुढच्या चित्रात राणीने पानावर आडवा हात धरला होता, आणि फुग्यात एवढंच लिहिलं होतं: "मला अळणीच वाढा."

शेवटच्या चित्रात राणी जेवत होती. सगळा गड तिच्याकडे बघत होता. तिच्या डोक्यावर विचाराचा मोठा फुगा काढला होता आणि तो रिकामा ठेवला होता.

ग्रुपमध्ये दुपारपर्यंत कोणी दम घेतला नाही. राणीला विषाची भीती आहे, असं एकाने लिहिलं. तिलाही रक्तदाब निघाला असेल, वय झालंय, असं दुसऱ्याने. प्राजक्ताने लिहिलं, जी तिथलं मीठ खात नाही ती तिथल्या कोणाशीच बांधली जात नाही, ही निष्पक्ष राज्याची सुरुवात आहे. मास्तरांनी लिहिलं, याचा अर्थ ती तिथे पाहुणी म्हणून राहते आहे, आणि पाहुण्याच्या हाती राज्य असणं घटनेला मान्य नाही. फुगा रिकामा आहे की चित्र काढणाऱ्याकडून मजकूर लिहायचा राहिलाय, यावर वेगळीच फळी उभी राहिली.

शेवटी कोणीतरी विचारलं, "देवस्थळी सर, तुमचं मत?"

सरांनी चष्मा पुसला. बोटांच्या कडा ठीक होत्या. त्यांनी लिहिलं, "दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे," आणि फोन पालथा ठेवला.

मग ते स्वयंपाकघरात गेले. मोहरी तडतडू दिली, मग बाकीचं. आमटीला उकळी आली. अळणी आमटीची चव बघण्याचं तसं काही कारण नसतं, पण त्यांनी चमच्याने थोडी घेऊन फुंकर घातली आणि चाखून पाहिली. बरोबर होती.